वस्तीतली डोळे तपासणी: कागद भरतो, माणूस दवाखान्यात पोचत नाही

पारसिककडा (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. आमचं मंडळ लोकमान्यनगर-सावरकरनगर पट्ट्यात दर वर्षी नेत्र शिबिर घेतं. यंदा ते जरा शिस्तीत करायचं आहे. हाताशी आहे ते असं: सहा मीटरवरून वाचायचा एक स्नेलेन तक्ता (ओळीओळीने लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा), दोन टॉर्च, आठ स्वयंसेवक, ऑप्टोमेट्री (नजर तपासून नंबर काढणं) शिकणारी दोन मुलं आणि रविवारी अर्धा दिवस येणारे एक नेत्रतज्ज्ञ. तपासायचे दोन गट: वस्तीतले चाळिशीपुढचे लोक आणि महापालिकेच्या दोन शाळांतली पाचवी ते आठवीची मुलं.

अडतं कुठे ते सांगतो. समाजमंदिराची खोली जेमतेम १४ फूट लांब, तिथे सहा मीटर आणायचे कुठून? कोणत्या ओळीला नापास धरायचं यावर दर वर्षी वाद होतो. मोतीबिंदूची चिठ्ठी दिलेल्यांतले अर्ध्याहून जास्त लोक पुढे जातच नाहीत. एक दाते डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र देऊ म्हणताहेत, ते काचबिंदूसाठी ठेवावं का? आणि चष्मे जागेवरच वाटावेत की नाही?

आठवणी नकोत, मापं आणि कारणं द्या ही विनंती.

तीनमीटरदोरी (कळवा)

खोलीचं आधी. तीन मीटरचा तक्ता वापरा, प्रश्न मिटला. आरसा लावून सहा मीटर करू नका. आरशात डावं-उजवं उलटतं, त्यामुळे 'ई'चं (चारी दिशांना फिरवलेल्या इंग्रजी E अक्षराचं) तोंड कुठे आहे यावर स्वयंसेवक आणि रुग्ण यांचं एकमत होत नाही आणि चांगला डोळासुद्धा नापास होतो.

मुद्रण झाल्यावर पट्टी लावून अक्षरं मोजा. सहा मीटरच्या तक्त्यावर ६/६ चं (म्हणजे निरोगी नजरेच्या ओळीचं; ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) अक्षर ८.७ मिमी उंच असतं आणि ६/६० चं ८७ मिमी. तीन मीटरच्या तक्त्यावर नेमकं निम्मं: ६/६ ला ४.४, ६/९ ला ६.५, ६/१२ ला ८.७, ६/१८ ला १३, ६/६० ला ४३.६ मिमी. झेरॉक्सवाला 'पानात बसवून' काढून देतो तेव्हा सगळं पाच-सात टक्क्यांनी आक्रसतं, आणि हे नुसत्या नजरेला कळत नाही. लॅमिनेशन चकचकीत नको. ट्यूबलाइटचा झोत त्यावर पडला की खालच्या दोन ओळी गायब. मॅट घ्या, आणि तक्त्याच्या मागे खिडकी नको, ती रुग्णाच्या पाठीशी येईल असा तक्ता लावा.

अंतर मोजायचं ते तक्त्यापासून डोळ्यापर्यंत. जमिनीवरची चिकटपट्टी खुर्चीच्या पायाला धरून लावली आणि माणूस पुढे वाकून बसला, तर तीन मीटरमधले ३० सेंटिमीटर गेले, म्हणजे १० टक्के. सहा मीटरवर ही चूक निम्मी असते. तीन मीटरच्या तक्त्याची हीच किंमत, म्हणून खुर्चीला पाठ टेकायला सांगा आणि गाठ मारलेली तीन मीटरची सुतळी जवळ ठेवा. दर तासाला ताणून बघा, कारण खुर्ची सरकतेच.

प्रौढांसाठी ओळ ६/१२ धरा. प्रत्येक डोळा वेगळा, आधी उजवा. माणूस लांबचा चष्मा वापरत असेल तर चष्म्यासकट. पाचपैकी चार अक्षरं बरोबर आली तरच ओळ पास. डोळा झाकायला तळहात किंवा प्लास्टिकचं झाकण. बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, आणि दाबून धरला तर पुढची दोन मिनिटं तोच डोळा धूसर पाहतो. मग दुसऱ्या डोळ्याची पाळी आली की तो विनाकारण नापास.

६/१२ न आल्यास पिनहोल, म्हणजे बारीक भोकाचं झाकण डोळ्यासमोर धरून पुन्हा वाचायला लावणं. भोक साधारण १.२ मिमीचं हवं. एकच भोक असलं की म्हाताऱ्या माणसाला ते शोधता येत नाही, म्हणून बऱ्याच भोकांचं घ्या. पिनहोलने ६/१२ पर्यंत आला तर बहुधा नंबरचा प्रश्न, त्याला चष्म्याच्या टेबलावर पाठवा. नाही आला तर डॉक्टरांकडे. पण अंधाऱ्या खोलीत पिनहोलने सगळ्यांचंच कमी होतं, आणि पडद्याच्या मधल्या भागाचा आजार असेल तर आणखी कमी होतं. दुसरं खुणेचं आहे, पहिलं तुमच्या बल्बचं.

६/६० सुद्धा दिसत नसेल तर तोच तक्ता दीड मीटरवर न्या. तिथे सगळ्यात मोठं अक्षर दिसलं तर ३/६०. तेही नाही तर बोटं मोजणं, हात हलवणं, मग टॉर्चचा उजेड. उजेडसुद्धा कळत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. त्या डोळ्याला 'मोतीबिंदू' म्हणून ऑपरेशनच्या गाडीत बसवणं म्हणजे माणसाचा दिवस आणि आशा दोन्ही फुकट घालवणं.

ऐरोलीचाखाडीपूल (नवी मुंबई)

वरचं सगळं मान्य. माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे: शिबिरात येतं कोण?

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचं प्रमाण १.९९ टक्के निघालं, म्हणजे चांगल्या डोळ्यानेही ३/६० पेक्षा कमी. तुमच्या पट्ट्यात पन्नाशीपुढचे १,००० जण धरले तर देशाच्या सरासरीने २० माणसं. ही २० माणसं मांडवात चालत येत नाहीत. ती आतल्या खोलीत खाटेवर असतात, आणि घरचे म्हणतात 'वय झालं, आता काय बघायचंय'. मांडवात येतो तो चष्मा बदलायला आलेला माणूस. म्हणून शिबिराआधी दोन आठवडे घरोघर फिरून यादी करा. आशाताईंकडे कुटुंबांची यादी असते, त्यांना सोबत घ्या. फिरताना पूर्ण तक्ता नको. पुठ्ठ्यावर ६/१८ आणि ६/६० च्या मापाचे दोन 'ई', एक दोरी, बस. दिवसाला एका जोडीने ४० घरं होतात, त्यातली दहाएक बंद सापडतात, ती संध्याकाळी सातनंतर पुन्हा.

हिशेबही करून ठेवा. एका माणसाचे दोन्ही डोळे, पिनहोल आणि जवळची नजर याला चार मिनिटं लागतात, म्हणजे एका टेबलावर तासाला १५. चार तासांत १५० लोक हवे तर तीन टेबलं. इथवर जमतं. पण त्यातल्या ६० जणांना नंबर काढायचा निघाला आणि एकाला १० मिनिटं लागली, तर १० तासांचं काम झालं. तुमच्याकडे दोन विद्यार्थी आहेत आणि त्यांचं काम पुन्हा कोणीतरी बघायला हवं. खोळंबा इथे होतो, तक्त्यापाशी नाही. आणि उद्घाटनाच्या भाषणाला पाऊण तास गेला तर तो याच दहा तासांतून जातो, हे पाहुण्यांना कोण सांगणार!

उपाय असा की ज्यांची लांबची नजर दोन्ही डोळ्यांत ६/१२ किंवा बरी आहे आणि फक्त जवळचं दिसत नाही, त्यांना नंबरच्या रांगेत उभं करूच नका. त्यांच्यासाठी तयार चाळिशीचे चष्मे. जवळचा तक्ता ४० सेंटिमीटरवर, दोन्ही डोळे उघडे, एन ८ (८ पॉइंटचं छापील अक्षर) वाचता आलं पाहिजे. सुरुवात वयावरून: ४० ते ४५ ला +१.००, ४५ ते ५० ला +१.५०, ५० ते ५५ ला +२.००, पुढे +२.५०. लागेल त्यातला कमीत कमी नंबर द्या. जरीकाम किंवा घड्याळदुरुस्ती करणारा असेल तर तो ३० सेंटिमीटरवर काम करतो, त्याला पाव-अर्धा जास्त. ज्याला लांबचं दिसत नाही पण चष्म्याशिवाय जवळचं छान दिसतं तो उणे नंबरवाला, त्याच्या हातात चाळिशी देऊ नका.

याला किरकोळ समजू नका. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर झालेल्या चाचणीत (२०१८ साली छापून आलेली) चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. सावरकरनगरात घरबसल्या शिलाई करणाऱ्या बायकांना सुईत दोरा ओवता येणं हा रोजगाराचाच प्रश्न आहे.

लांबच्या नंबरचे चष्मे मात्र जागेवर वाटायचे तर अटी घाला: दोन्ही डोळ्यांतला फरक अर्ध्या नंबरपेक्षा जास्त नको, तिरका नंबर ०.७५ पेक्षा कमी, आणि तो चष्मा घालून ६/९ तरी दिसलं पाहिजे. बाकीच्यांना बनवून द्या आणि द्यायची तारीख चिठ्ठीवर लिहा.

वडवली९६ (ठाणे)

यंत्राबद्दल: दात्यांचे आभार माना आणि त्या पैशांत दुसरं काहीतरी मागा.

काचबिंदू असलेल्या माणसांपैकी जवळपास निम्म्यांचा दाब एका वेळच्या मोजणीत २१ च्या (मिमी पारा, नेहमीची वरची मर्यादा) आतच भरतो. म्हणजे नुसत्या दाबावर चाळणी लावली तर अर्धे लोक 'तुम्हाला काही नाही' हा दाखला घेऊन घरी जातात, आणि तो दाखला पुढची पाच वर्षं त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवतो. उलट बाजूने, दाब २३-२४ असलेले बरेच जण निरोगी असतात, त्यांना उगाच घोर. आपल्याकडे चाळिशीपुढे काचबिंदू साधारण २ ते ४ टक्के लोकांत असतो, आणि वस्तीपातळीवरच्या पाहण्यांत असलेल्या दहांपैकी नऊ जणांना त्याचा पत्ता नव्हता. डोळ्यामागची नस बघितल्याशिवाय तो सापडत नाही.

शिबिरात इतकंच विचारा: सख्ख्या भावंडांत किंवा आईवडिलांत कोणाला काचबिंदू आहे का, डोळ्यात महिनोन्‌महिने कसले थेंब घालता का? खाज सुटते म्हणून मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब वर्षभर चालवणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. 'हो' आलं की पूर्ण तपासणीसाठी चिठ्ठी, तक्त्यावर ६/६ असलं तरी.

मधुमेहवाल्यांचंही तेच. पडद्यावर रक्तस्राव सुरू झालेला असतो आणि माणूस शेवटची ओळ खडखडा वाचतो. साखरेच्या प्रत्येक रुग्णाचा पडदा वर्षातून एकदा बघायचा, टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षापासून. पैसे असतील तर पडद्याचा फोटो काढणारा ४५ अंशांचा कॅमेरा भाड्याने मिळवा. दर डोळ्याचे दोन फोटो, एक मधल्या भागावर आणि एक नसेवर. खोली काळोखी हवी, दोन डोळ्यांच्या मध्ये पाच मिनिटं थांबा, नाहीतर पहिल्या फ्लॅशने दुसऱ्या डोळ्याची बाहुली आकसलेलीच राहते. साठीपुढे बाहुली लहान आणि मोतीबिंदू सुरू झालेला, त्यामुळे बरेच फोटो वाचता येत नाहीत. न वाचता येणारा फोटो म्हणजे 'नॉर्मल' नव्हे, तो चिठ्ठीच्या ढिगात जातो. ही एक ओळ फोटो बघणाऱ्याच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

बाहुली मोठी करायचे थेंब डॉक्टर समोर असतील तरच. ट्रॉपिकामाइडला २०-३० मिनिटं लागतात आणि धूसरपणा चार ते सहा तास टिकतो. रिक्षावाल्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, हे थेंब घालण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

पारसिककडा

यंत्राचा विषय संपला, दात्यांना चष्म्यांकडे वळवतो. पण माझं मुख्य दुखणं राहिलंच. चिठ्ठी मिळूनही लोक जात का नाहीत, आणि त्यावर नेमकं करायचं काय?

तुर्भेनाका (नवी मुंबई)

कारणं प्रत्येक शिबिरात तीच असतात आणि प्रत्येकाचा तोडगा वेगळा असतो. 'जनजागृती'च्या एका मोठ्या पिशवीत सगळं कोंबू नका.

सोबत कोण येणार, हे पहिलं. आजीला घेऊन जायचं तर मुलाची दोन दिवसांची मजुरी बुडते. एकेकट्याला चिठ्ठी देऊन सिव्हिलला जा म्हणण्यापेक्षा दहा जणांची एक गाडी करा, त्यात दोन स्वयंसेवक, आणि तारीख शिबिराच्या दिवशीच ठरलेली. दहा दिवसांच्या आतली. महिन्यानंतरची तारीख म्हणजे न आलेलीच धरा. मे महिन्यात लोक गावी असतात, गणपतीच्या आधीचा आठवडा आणि पितृपक्ष टाळा. पितृपक्षात डोळ्याचं ऑपरेशन करायला निम्मी वस्ती तयार होत नाही. वाद घालत बसू नका, नवरात्र संपल्यावरची तारीख द्या.

दुसरं, तिथून परत पाठवलं जाणं. रुग्ण पोचतो आणि साखर ३०० किंवा रक्तदाब १८०/११० म्हणून परत येतो. तो पुन्हा जात नाही, आणि शेजारच्या चौघांना सांगतो की तिकडे नुसते हेलपाटे आहेत. म्हणून शिबिरातच साखर आणि रक्तदाब बघा. वाढलेला सापडला तर त्याला आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा नागरी आरोग्य केंद्रात गोळ्या सुरू करून द्या आणि दुसऱ्या गाडीत घाला. नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याखाली अश्रूपिशवीवर बोट दाबून पाहा. पू किंवा चिकट पाणी उलटं आलं तर तो माणूस आधी पिशवीच्या उपचाराला जातो, कारण तसंच ऑपरेशन केलं तर आत जंतुसंसर्ग होऊन डोळाच जायची भीती. दातात पू, अंगावर गळू, खोकल्याची उबळ, हेही आधी बघायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लिहून द्या, पण स्वयंसेवकाने ती स्वतःच्या मताने बंद करायला सांगायची नाही.

तिसरं, 'अजून पिकला नाही'. ही समजूत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली. आता पिकू द्यायची गरज नसते. उलट फार पिकलेला मोतीबिंदू फुगून दाब वाढवतो, डोळा लाल होतो, ठणकतो, आणि तेव्हा केलेल्या ऑपरेशनचा निकाल कमजोर. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून थांबलेल्यांना हे खास सांगा.

चौथं, बायका. त्या स्वतःहून सगळ्यात शेवटी सांगतात. यादी करताना घरातल्या कर्त्या माणसासमोर 'तुम्हाला दिसतं का' विचारलं तर उत्तर 'हो, चालतंय'. तांदूळ निवडता येतात का, बसचा नंबर कोणाला विचारावा लागतो का, असं विचारा. गाडीतल्या दहा जागांतल्या पाच बायकांच्या, हे आधीच ठरवा.

पाचवं कोणी बोलत नाही: आधी ऑपरेशन झालेल्या माणसाला दिसत नाही आणि सगळी गल्ली ते बघते. त्याच राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वाला मोतीबिंदू ६६.२ टक्के कारणीभूत निघाला, आणि ७.२ टक्के वाटा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीचा होता. म्हणून रजिस्टरमध्ये ऑपरेशन झालेले डोळेही तपासा आणि नजर लिहा. बऱ्याचदा मागचा पापुद्रा धूसर झालेला असतो, पाच मिनिटांच्या लेझरने साफ होतो. काहींना नुसता चष्मा हवा असतो, कारण ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी नंबर काढायला कोणी बोलावलंच नाही. जुनी कसोटी अशी की ऑपरेशन झालेल्या डोळ्यांपैकी किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा चांगलं दिसावं आणि ६/६० च्या खाली ५ टक्क्यांहून जास्त नसावेत. तुम्ही ज्या रुग्णालयाकडे गाडी नेता त्यांना हा आकडा विचारा. सांगता आला नाही तर तेही एक उत्तर आहे.

आणि हो, ऑपरेशन समाजमंदिरात किंवा शाळेत करायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. तपासणी वस्तीत, शस्त्रक्रिया कायमच्या ऑपरेशन थिएटरमध्येच.

तीनमीटरदोरी

तुर्भेनाका यांना एक पुरवणी. मोतीबिंदू ठरवायला नुसता टॉर्च मारू नका. साठीपुढे टॉर्चमध्ये प्रत्येक बाहुली राखाडी दिसते आणि निम्मी वस्ती मोतीबिंदूत जाते. काळोख करून हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं उजेडाचं उपकरण) धरायचा: तांबडी चमक पूर्ण आली तर मोतीबिंदू नाही किंवा मामुली, आणि नजर ६/६० असेल तर कारण मागे आहे. चमकेत काळे डाग किंवा चमकच नाही, तर बहुधा मोतीबिंदू. टॉर्च ठेवायचा तो बाहुल्यांसाठी. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झोत नेल्यावर बाहुली आकसण्याऐवजी पसरली, तर नस किंवा पडदा बिघडलेला आहे. ऑपरेशननेही फारसं दिसणार नाही, हे नातेवाइकांना गाडीत बसण्याआधी डॉक्टरांकडून सांगवून घ्या.

येऊरपायथा (ठाणे)

शाळांबद्दल कोणी लिहिलं नाही. आकडेमोड करून दाखवतो, म्हणजे नापासची ओळ कुठे धरायची हा वाद मिटेल.

१,००० मुलं. खरा नंबर असलेली ५० समजा. तुमची चाचणी ९० टक्के मुलं बरोबर पकडते आणि निरोगी मुलांतली ९० टक्के बरोबर सोडते, म्हणजे चांगली चाचणी. पकडली जातील ४५. पण निरोगी ९५० मधली ९५ सुद्धा पकडली जातील. डॉक्टरांसमोर १४० मुलं, त्यातली जेमतेम एक तृतीयांश खरी. मग पालक म्हणतात, शाळेने उगाच घाबरवलं, आणि पुढच्या वर्षी खरं मूलही येत नाही. म्हणून नापास मुलाची दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून पुन्हा चाचणी. या एका पायरीने खोटे नापास निम्म्याहून खाली येतात, कारण बरीच मुलं खिडकीबाहेर बघत होती किंवा त्यांना 'ई'चं तोंड दाखवायचं म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. आधी हातात मोठा 'ई' देऊन तीनदा सराव करून घ्या.

ओळ: सहा वर्षांवरच्या मुलाला ६/९, त्याखाली ६/१२. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक असेल तर दोन्ही पास असले तरी पाठवा, तिथे आळशी डोळा (लहानपणी वापर न झाल्याने नजर मागे पडलेला) लपलेला असतो. सुटं एकेक अक्षर दाखवू नका. आळशी डोळा सुटं अक्षर वाचतो आणि ओळीत अडखळतो. पूर्ण ओळ नाहीतर चारी बाजूंनी रेघा असलेलं अक्षर. ओळीचा क्रम मुलं रांगेत उभ्या उभ्या पाठ करतात, तेव्हा दोन तक्ते ठेवा आणि दुसऱ्या डोळ्याला दुसरा दाखवा. रांग वर्गाबाहेर.

अधिक नंबरची मुलं लांबचा तक्ता सहज पास होतात, त्यांच्यासाठी +२.०० ची काच घालून तीच ओळ. काच घालूनही ६/९ वाचलं तर नापास. नंबर मात्र शाळेत ठरवायचा नाही. लहान मुलांचा नंबर सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून काढावा लागतो, नाहीतर मूल डोळा ताणतं आणि नसलेला उणे नंबर निघतो. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा (आपोआप नंबर मोजणाऱ्या यंत्राचा) कागद बघून थेट चष्मा बनवणं हा याच चुकीचा मोठा अवतार.

चष्मा दिला म्हणजे घातला असं नाही. फ्रेम मुलाला निवडू द्या, किमान सहा प्रकार ठेवा. एकाच रंगाची 'सरकारी' फ्रेम दप्तरातच राहते. बाहुल्यांमधलं अंतर मोजूनच काचा बसवा. तीन महिन्यांनी न सांगता वर्गात जाऊन मोजा किती नाकांवर आहेत, आणि काच फुटलेल्यांना तिथेच बदलून द्या. उणे अर्ध्याच्या मुलांना चष्मा वाटून आकडा फुगवू नका, ती घालत नाहीत आणि त्यांचं बघून उणे तीनवालाही काढतो.

पाठपुराव्यासाठी: केनियातल्या शाळांमध्ये मोबाइल ॲपवर तपासणी करून पालकांना अंधूक दिसणं कसं असतं ते चित्र छापून दिलं आणि मेसेज पाठवत राहिले, तेव्हा रुग्णालयात पोचणारी मुलं ५४ टक्के झाली. साध्या चिठ्ठीवर २२ टक्के. मेसेज मराठी आणि हिंदी दोन्हींत पाठवा, तुमच्या पट्ट्यात दोन्ही लागतील.

ऐरोलीचाखाडीपूल

शाळेच्या यादीला एक जोड, अंगणवाडीताईंसाठी. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. २८ आठवड्यांआधीचं किंवा १,२०० ग्रॅमखालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. हे शिबिराची वाट बघत थांबलं तर संपलं. वस्तीत बाळंतपणाहून आलेल्या घरी डिस्चार्ज कार्डावरचं वजन वाचायचं, इतकंच काम.

पारसिककडा

खूप उपयोगी. दोन शेवटचे प्रश्न. रजिस्टरमध्ये रकाने कोणते? आणि तातडीचं म्हणून त्याच दिवशी कोणाला हलवायचं?

तुर्भेनाका

त्याच दिवशी: अचानक गेलेली नजर, लाल डोळा, ठणका आणि उलटी, बुबुळावर पांढरा ठिपका आणि दुखणं, ज्याला लोक 'फूल पडलं' म्हणतात, लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक, ग्राइंडिंग-वेल्डिंगचा कण रुतलेला. वागळे इस्टेट आणि टीटीसी या कारखान्यांच्या पट्ट्यांत शेवटचं रोजचं आहे, आणि सहकारी रुमालाच्या टोकाने काढायला जातो, तिथून जखम चिघळते. चुना उडाला असेल तर चिठ्ठी लिहीत बसू नका. तंबाखूच्या चुन्याची पुडी दाबताना मुलांच्या डोळ्यात उडते. आधी नळाखाली निदान १५ ते ३० मिनिटं धुणं, पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढणं, मग रिक्षा.

रकाने: नाव, वय, बाई-पुरुष, घराची खूण (पत्ता नव्हे, 'पाण्याच्या टाकीमागे, तिसरं दार' असं), दोन फोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्याचा. उजवा डोळा आणि डावा डोळा वेगवेगळे: नुसत्या डोळ्याने, चष्म्यासकट, पिनहोलने. जवळची नजर. साखर, रक्तदाब. आधी ऑपरेशन झालेलं का आणि कधी. काय ठरलं. कोणत्या गाडीत, कोणती तारीख. मग तीन रकाने कोरे ठेवायचे: पोचला का, उपचार झाला का, सहा आठवड्यांनी नजर किती. न पोचलेल्याचं कारण त्याच्याच शब्दांत. अहवालात वर हे तीन रकाने छापा आणि 'एकूण तपासलेले' खाली, छोट्या अक्षरात.

वडवली९६

सहा आठवड्यांची नजर मोजायला पुन्हा तोच तक्ता, तीच खोली, तीच सुतळी. दुसऱ्या तक्त्यावर मोजलं तर फरक डोळ्याचा की तक्त्याचा ते कळणार नाही.